मागची जागा

रस्त्यावर आधी मेंढरं आली, त्यांच्यामागून घोडं धरून माय आली, आणि प्रभूनं मान खाली घालून बशीतल्या चहाकडं बघितलं. घडलं ते एवढंच. हिंगोलीत, भर दुपारी, पाटबंधाऱ्याच्या ऑफिससमोरच्या टपरीवर. शेजारी रामकिशन होता, त्याच्या टेबलाला टेबल लावून बसणारा कारकून. रामकिशननं रुमाल काढून नाकाला लावला आणि म्हणाला, "जिल्हा होऊन दोन वर्षं झाली, पण हे काही बंद होऊन नाही राहिलं. काय वास हो!" दोनएकशे मेंढरं रस्ताभर पसरली होती, ट्रकवाले हॉर्न दाबून दाबून थकले होते, आणि त्या गलक्यातून माय, गोजरबाई, घोड्याचा कासरा हाताला गुंडाळून नेहमीच्या चालीनं येत होती. घोड्याच्या पाठीवर मेंढरं कोंडायची जाळी, घोंगड्या, भगुनी, आणि दोन्ही बाजूंच्या झोळ्यांतून डोकी बाहेर काढलेली आठ-दहा दिवसांची कोकरं. हात लांब केला असता तर तिच्या पदराला लागला असता. प्रभूनं हात लांब केला नाही. बशीत साय धरली होती, ती त्यानं फुंकरीनं एका बाजूला केली, मग दुसऱ्या बाजूला केली. तो वर बघेपर्यंत रस्त्यावर नुसत्या लेंड्या उरल्या होत्या आणि एक पोलीस उगाचच शिट्टी वाजवत होता. "चला," रामकिशन म्हणाला, "साहेब आले असतील."

संध्याकाळपर्यंत त्याचा उजवा हात त्याला जड वाटत राहिला. कालव्याच्या पाण्याच्या पाळ्यांची नोटीस लिहिताना त्यानं एकाच गावाचं नाव दोनदा लिहिलं, खोडलं, पुन्हा तेच लिहिलं. ऑफिसात कोणी विचारलंच तर तो सांगायचा, म्हातारा-म्हातारी गावाकडं असतात. ते खोटं नव्हतं. साखऱ्याला घर होतं, पावसाळ्याचे चार महिने दोघं त्या घरात असायचेही. बाकीचे आठ महिने ते कुठं असतात, हे मात्र त्यांच्या गावालाही सांगता आलं नसतं. मेंढरं चाऱ्यामागं जायची, आणि माय-बाप मेंढरांमागं. घरी आल्यावर बायकोनं, राधिकानं, विचारलं, "डोकं दुखतंय का?" तो म्हणाला, "न्हाई, हात." तिनं हाताला तेल चोळून दिलं. ती चोळत असताना त्याला एकदम वाटलं, हिला सांगावं. पण काय सांगायचं? आई दिसली, एवढंच ना? त्यात सांगण्यासारखं काय होतं?

सात वर्षांचा असताना बापानं, सोनाजीनं, त्याला गोरेगावला आत्याच्या घरी ठेवलं, शाळेसाठी. ठेवून जाताना माय म्हणाली होती, सुट्टी लागली की ये. कुठं ये, ते ती सांगू शकली नव्हती. मग दिवाळीच्या सुट्टीत तो निघायचा. गोरेगावच्या चौकात जीपवाले सेनगाव, सेनगाव म्हणून ओरडत उभे असायचे, त्यांना विचारायचं, सोनाजीची मेंढरं कुठं बसलीत? कोणी सांगायचं, परवा वढ्याच्या अलीकडं पाहिली. जीपच्या मागच्या फळीवर लटकून जायचं, सांगितलेल्या ठिकाणी उतरायचं, रानातून चालत सुटायचं. आणि कितीदा तरी तिथं पोचल्यावर तीन दगडांची चूल, गोल दाबलं गेलेलं रान, बाभळीच्या काट्यांना अडकलेले लोकरीचे पुंजके. कालपर्यंत इथं होते. तो चुलीतल्या राखेत हात घालून बघायचा. राख कोमट असली तर माय लांब गेली नसणार, मग तो पळत सुटायचा, आणि बहुतेकदा दिवस कलायच्या आत कुठूनतरी कुत्र्याचं ओळखीचं भुंकणं ऐकू यायचं. एकदा राख पार थंड होती. वर दवानं ओली झालेली. तो तिथंच बसून राहिला, रडायचंही त्याला सुचलं नाही. शेवटी शेतमालकानं हाताला धरून त्याला परत गोरेगावच्या जीपमध्ये बसवून दिलं. ती सगळी सुट्टी त्यानं आत्याच्या ओसरीवर काढली. त्या सुट्टीत तो पाढे पाठ करत होता, आणि पुढं तो हुशार निघाला, नोकरीला लागला, सगळं बराबर झालं. पण अजूनही कधी बोटं गार पडली की त्याला राखेचा तो मऊ, ओलसर गारवा आठवे.

टपरीवरच्या त्या दुपारनंतर तीन आठवड्यांनी त्यानं जिप्सी घेतली. वसमतला हरिचंद नावाचा ठेकेदार होता, कालव्याच्या कामावर त्यानं ती बरीच वर्षं फिरवली होती. एके काळी पांढरी असलेली, वर कापडी टप, मागं समोरासमोर दोन लांब बाकं. हरिचंद सरळ माणूस होता. म्हणाला, "साहेब, तुमाला खोटं सांगत न्हाई. चिखलात, डोंगरात, कुठं बी घाला, गाडी वाघ हाय. पर पेट्रोलवर चालते. या भागात पेट्रोलची फोरव्हील पोसायला एक तर ठेकेदार पायजे, न्हाईतर येडा माणूस."

"मंग तुमी काहून इकून राहिले?"

"मी ठेकेदार ऱ्हायलो न्हाई ना आता," असं म्हणून हरिचंद मनापासून हसला. मग खाली बसून त्यानं पुढच्या चाकाच्या मधोमध असलेली गोल चकती दाखवली. चिखल आला की खाली उतरायचं, दोन्हीकडची चकती हातानं फिरवायची, मग आतला छोटा दांडा ओढायचा, म्हणजे चारही चाकं ओढायला लागतात. प्रभू हो हो म्हणत होता, पण त्याचं लक्ष तिथं नव्हतं. तो मागून आत चढला. बाकावर बसला. पाय लांब करून बघितले, पुरले. समोरच्या बाकावर बाप, या बाजूला माय, मधे वळकट्या आणि भगुनी. सगळं मावत होतं. "मागं काय पाहून राहिले साहेब," हरिचंद बाहेरून म्हणाला, "इंजन पुढं हाय!"

राधिकाला गाडी बघून हसावं की चिडावं कळेना. तिची इच्छा साधी होती. काचा असलेली मारुती, लेकीला, प्रतीक्षाला, घेऊन माहेरी कळमनुरीला जाताना केस न विस्कटता उतरता आलं म्हणजे झालं. "एवढ्या पैशात जुनी मारुती आली असती की हो. हिच्यात पाऊस आला म्हणजे मी न् प्रतीक्षानं छत्री धरून बसायचं का?"

"रस्ते खराब असतेत," प्रभू म्हणाला.

"कुठले?"

तो टपाचे पट्टे आवळायला लागला. तिनं थोडा वेळ त्याच्याकडं बघितलं आणि ती आत गेली. लग्नाआधीपासून तिला सगळं ठाऊक होतं, कोणी काही लपवलं नव्हतं. पण गेल्या बारा वर्षांत तो मायबापांबद्दल आपणहून काही बोलला असेल, असं तिला आठवत नव्हतं.

गाडी पेट्रोल खायची, ते हरिचंदनं सांगितलं होतं त्यापेक्षा अंमळ जास्तच. ऑफिसात रामकिशनच म्हणाला, गॅस बसवून घ्या, आता सगळे बसवून राहिले. औंढा रोडला नेमसिंगचं गॅरेज होतं. नेमसिंग पन्नाशीचा, बोलायला कमी आणि हाताला पक्का. त्यानं बॉनेट उघडलं, थोडा वेळ इंजिनाचा आवाज ऐकला, आणि म्हणाला, "इंजन चांगलं हाय. गॅस बसवा. खर्च निम्म्यावर येते."

"टाकी कुठं बसते?"

"मागं. दुसरी जागाच कुठं हाय? ही दोन्ही बाकं काढायची, टाकी आडवी टाकायची, पट्टे मारायचे. गॅस भरायला नांदेडला जावं लागंल, पर एकदा भरली की बरेच दिवस पाहायचं काम न्हाई. चढाला दम थोडा कमी पडंल. ते सांगून ठेवतो, मंग मला बोलायचं न्हाई."

"अन मागं कोणाला बसायचं असलं तर?"

"मागं कोन बसते? तुमी तिघं जण. पुढंच मावता." नेमसिंगनं हाताच्या वितीनं मागची जागा मोजली सुद्धा. त्या काळ्या, तेलकट विती बाकावरून सरकत होत्या. एखाद्याच्या घरात शिरून कोणी भिंती मोजाव्यात तसं. प्रभू म्हणाला, सांगतो मग, आणि गाडी काढून निघाला. पेट्रोलचा वास टपाखाली भरून राहिला होता. गोरेगावच्या जीपांना असाच काहीसा वास असायचा. आणि तो वास आला की आपण मायकडं निघालो आहोत असं त्याच्या अंगाला वाटायचं, मनाला कळायच्या आधी.

त्याच रविवारी तो एकटा निघाला. पौषात दोन दिवस अवकाळी पडून गेला होता. मेंढरं वसमतच्या बाजूला गेली असणार एवढं ठाऊक होतं. कुरुंद्याला चौकात गाडी थांबवून त्यानं एका म्हाताऱ्याला विचारलं, सोनाजीची मेंढरं कुठं बसलीत? आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही. म्हाताऱ्यानं त्याची पँट बघितली, बूट बघितले. "इकत घेयाचे हाईत का? व्यापारी हाव का तुमी?"

"न्हाई," प्रभू म्हणाला. "घरचेच हाईत."

हळदीच्या रानापलीकडं एका मोकळ्या वावरात मेंढरं बसली होती. मधला गाडीरस्ता काळ्या चिखलानं भरलेला. प्रभू खाली उतरला, चाकाजवळ वाकून दोन्हीकडच्या चकत्या फिरवल्या, बूट घोट्यापर्यंत रुतले. मग दांडा ओढला. गाडी एकदा हिसकली आणि रेड्यासारखी मान खाली घालून चिखल कापत निघाली. त्याला हसू आलं. आयुष्यात पहिल्यांदा तो पळत नव्हता, धापा टाकत नव्हता, आणि तरी पोचत होता. वावराच्या तोंडाशी मेंढरं उधळली. काठी घेऊन माय पुढं आली. "बंद कर ते आधी! गाभण हाईत त्या, मुडद्या!" आणि मग तिनं डोळ्यांवर हात धरून बघितलं. "प्रभू व्हय? कोणाची आणलीस?"

"आपली हाय, माय."

"आपली," ती म्हणाली. नवी भाजी चाखून बघावी तसा तिनं तो शब्द जिभेवर फिरवला. सोनाजी तोवर गाडीभोवती एक चक्कर मारून, चारही चाकांना काठीनं ठोकून, समाधानानं आला होता. तिनं भाकरी केली, वर ठेचा, आणि मेंढीच्या दुधाचा चहा. प्रभूनं सांगितलं, घरी चला दोघं, मागं ऐसपैस जागा हाय, पाय लांब करून बसायचं. "अन ह्यांना कुठं बसवू?" माय म्हणाली, "तुज्या मांडीवर?" बाप हसला. मग बाप मेंढरं वळवायला गेला आणि दोघंच उरली तेव्हा, चुलीतलं लाकूड मागं ओढत, दुसरंच काही सांगावं तशा आवाजात ती म्हणाली, "त्या दिशी हिंगोलीत पायलं व्हतं म्या तुला. चा पिऊन राहिला व्हता."

प्रभूनं भाकरीचा मोठा तुकडा मोडून तोंडात घातला.

"संगं साहेब लोक व्हते. म्हनून म्या घोड्याच्या पल्याड झाले."

तिच्या बोलण्यात रुसवा नव्हता. बोट दाखवायचं नव्हतं. ट्रक आला तर मेंढरू बाजूला घ्यावं तसं तिनं स्वतःला बाजूला घेतलं होतं, एवढंच ती सांगत होती, आणि तेच त्याला झेपेना. बोलायला तोंड उघडलं तर तोंडात भाकरीच होती. ती गिळेपर्यंत माय उठून एका मेंढीचा खूर बघायला गेली होती.

फाल्गुनापर्यंत तो दर रविवारी जात राहिला. ऑफिसात त्यानं कोणाला सांगितलं नाही, पण रामकिशननं एकदा गाडीतल्या लेंड्या बघितल्या आणि काही विचारलं नाही, तेव्हा प्रभू आपणहून म्हणाला, "माझी माय मेंढरं राखते." रामकिशननं तोंडातलं पान गालात सारलं आणि म्हणाला, "बोलला नाही तुमी कधी." तेवढ्यावर ते संपलं. इतक्या वर्षांचं ओझं इतक्या कमी शब्दांत उतरतं, याचंच त्याला नंतर वाईट वाटलं.

चैत्रात सोनाजीनं मेंढरं विकली. त्याचे गुडघे गेले होते, पण कारण नुसतं तेवढं नव्हतं. सोयाबीन निघालं की लगेच हरभरा, हरभरा निघाला की कालव्याला पाणी. रान मोकळं राहीना. पूर्वी शेतकरी मेंढरं वावरात बसवायला बोलवायला यायचे, लेंडीच्या खताबद्दल जवारी द्यायचे. आता पोत्यातून खत येत होतं आणि मेंढरं दिसली की लोक लांबूनच हात हलवायचे, पुढं जा, पुढं. व्यापाऱ्यानं ट्रक आणला. पंचवीस माद्या तेवढ्या मायनं हट्टानं धाकट्या बहिणीला, जिवनबाईला दिल्या. तिची मेंढरं अजून चालू होती. प्रभू दोघांना आणायला गेला तेव्हा तो आतून इतका आनंदात होता की ट्रककडं बघायचं त्यानं टाळलं. मागची बाकं त्यानं धुऊन पुसून ठेवली होती, वर सतरंजी घातली होती. बाप पुढं बसला. माय मागून चढली, पण बाकावर बसेना. दोन बाकांच्या मधे खाली पत्र्यावर बसली, लोखंडी दांडी धरून, तोंड मागं करून. "वर बस ना, माय." "हितंच बरं हाय." सगळ्या वाटेनं प्रभूला आरशात तिची पाठच दिसत राहिली. मागच्या उघड्या तोंडातून ती मागं सरत जाणारा रस्ता बघत होती.

पावसाळाभर सारं ठीक चाललं. बाप कॉलनीतल्या मारुतीच्या पारावर रमला, टीव्हीवरच्या बातम्यांत रमला. राधिकानं सासूला जीव लावला, त्यात खोट नव्हती. भाकरी सासूच्या हातची असायची, कपडे सून धुवायची. प्रतीक्षा आजीला मेंढरांची नावं विचारायची आणि आजी न अडखळता पन्नास-साठ सांगायची. ऑफिसातून येताना वळणावरूनच प्रभूला माय अंगणात बसलेली दिसे. आता विचारत फिरायचं काम नव्हतं. ती होती, रोज, त्याच जागी. आणि तरी तिच्यासमोर चहाचा कप घेऊन बसलं की त्याला वाटायचं, आपण उशिरा पोचलो. ती त्याच्याकडं बघून बोलायची, हसायचीही, पण ते बोलणं कुठून तरी लांबून आल्यासारखं वाटे. हवं होतं ते मिळालं की भूक थांबते, असं त्याला वाटलं होतं. भूक थांबली नव्हती. फक्त आता ती कशाची, ते सांगता येत नव्हतं.

दसरा झाला, आभाळ मोकळं झालं, तेव्हा राधिकाच एकदा म्हणाली, "अहो, सासूबाई रोज सकाळी अंथरुणाची वळकटी करून, दोरी बांधून दाराशी ठेवतात. मी सोडून ठेवते, त्या परत बांधतात."

"सवय हाय तिची."

"सवय नाही ती. त्या वाट बघून राहिल्यात." आणि थोडं थांबून ती म्हणाली, "तुम्हाला दिसत नाही का?"

दिसत होतं. गुरुवारी तो ऑफिसातून आला तर अंगण रिकामं होतं. बाप पायरीवर तंबाखू मळत बसला होता. "जिवनबाईकडं गेली," बाप म्हणाला. "मेंढरं व्यायाला आलेत, तिला एकटीला उरकत न्हाई. म्याच बसवून देलं जीपमधी."

"अन तुमी जाऊ देलं?"

"माजे गुडघे गेले, रं," सोनाजी म्हणाला. "तिचे कुठं गेले?"

रविवारी प्रभू निघाला. सेनगावच्या पुढं दोन ठिकाणी विचारलं, दोघांनी दोन दिशा दाखवल्या. तिसऱ्यानं बराबर सांगितलं. डोंगराच्या उतारावर, दगडगोट्यांतून गाडी चढवून तो वर गेला, तेव्हा माय एका व्यालेल्या मेंढीपाशी बसली होती. हात कोपरापर्यंत ओले, मांडीवर नुकतं जन्मलेलं कोकरू, आणि चेहऱ्यावर ते जे सहा महिने अंगणात नव्हतं. त्यानं बोलावलं नाही. गाडी बंद करून उभा राहिला. तिनंच वर बघितलं.

"नेयाला आलास?"

"व्हय."

"मी न्हाई येत, प्रभू." कोकराचं नाक पदरानं पुसत ती म्हणाली. "तुज्या घरात मला काई तकलीफ न्हाई. राधिका लई चांगली, लेकरू चांगलं. पर सकाळी उठलं की मला कुठं जायाचंच ऱ्हात न्हाई. मंग दिवसभर काय करू?"

"मंग मी कुठं शोधू तुला?" तो म्हणाला. अडतीस वर्षांचा माणूस, खिशात पेन, आणि आवाज असा निघाला की जिवनबाईनंही लांबून मान वळवून बघितलं.

माय थोडा वेळ त्याच्याकडं बघत राहिली. अंगणात बसून बघायची तसं लांबून नव्हे, नीट, समोरून. मग तिनं ते ओलं कोकरू उचलून त्याच्या हातात दिलं. "धर. शर्ट खराब व्हईल, व्हऊ दे." तो दिवस त्यानं तिथंच काढला. दोन मेंढ्या आणखी व्याल्या. त्यानं पाणी आणलं, जाळीचे खुंटे ठोकले, एकदा चुकीचा खुंटा ठोकला म्हणून शिवी खाल्ली. भाकरी खाताना ती सांगत होती, तो पोटात असताना ते कुठल्या रानात किती दिवस बसले होते, आणि त्याला नवल वाटलं, की हे त्यानं कधी विचारलंच नव्हतं. निघताना तो म्हणाला, "पुढल्या आयतवारी हितंच ना?" माय म्हणाली, "तवर हितं कुठं? तिकडं, डोंगराच्या पल्याड. चारा पाहून." हात केला तिनं, तो अर्धं आभाळ व्यापेल एवढा.

घरी आला तेव्हा राधिकानं त्याच्या शर्टाकडं बघितलं. "भेटल्या?"

"व्हय."

"येत नाहीत ना?"

"न्हाई."

ती शर्ट भिजत घालत म्हणाली, "मग त्या गॅसचं बघा एकदा. असं किती दिवस पेट्रोल जाळणार? आणि पुढच्या खेपेला मी न् प्रतीक्षा पण येतो."

सोमवारी ऑफिसच्या आधी तो नेमसिंगकडं गेला. नेमसिंग नुकताच गॅरेजचं शटर उघडून, पाणी मारून उभा होता. "बसवून टाका," प्रभू म्हणाला. नेमसिंगनं मागं डोकावून सतरंजी बघितली. "ही बाकं? काढली की परत बसवनं सोपं न्हाई. मागं कोणी बसायचं व्हतं ना तुमचं?"

"न्हाई बसणार आता कोणी."

नेमसिंगनं पाना उचलला. पहिला बोल्ट गंजलेला होता, तो सुटेना. प्रभूनं बाकाची दुसरी कड धरली, दोघांनी जोर लावला, आणि बाक एकदम सैल होऊन वर आला. त्याच्याखालचा पत्रा अजून नवा, पांढरा होता. प्रभूनं विचारलं, "एकदा भरली की कुठवर जाईल?"

"कुठवर जायाचं तुमाला?" नेमसिंग म्हणाला. "ते सांगा, त्या हिशोबानं टाकी पाहू."

प्रभूनं सांगायला तोंड उघडलं. डोंगराचं नाव त्याला माहीत नव्हतं, पलीकडच्या गावाचंही नव्हतं. "आत्ताच कसं सांगू," तो म्हणाला. "मोठीच बसवा."